बदामाचे पुडिंग आणि बदामाचा वास

घरी बदामाचे पुडिंग करणाऱ्या गृहिणींची एक तक्रार सर्वत्र सारखीच असते. मग ती गृहिणी मडगावची असो, बेळगावची असो, की इंदूर वा हैदराबादची असो. चांगले निवडक बदाम आणले, रात्रभर भिजत घातले, सोलले, गंधासारखे मऊ वाटले, आटीव दुधात शिजवले. पुडिंग पांढरेशुभ्र झाले, साच्यातून अखंड उतरले, आणि पहिला घास घेऊन पाहुण्यांनी विचारले, "हे कशाचे आहे?" उलटपक्षी शेजारच्या घरी एकही बदाम न फोडता, बाजारच्या छोट्या बाटलीतले चार थेंब टाकून केलेल्या पुडिंगाला बदामाचा असा घमघमाट सुटतो की, जिन्यापाशीच तो ओळखावा. एवढा खर्च, एवढे श्रम, आणि श्रेय मात्र बाटलीला! हा अन्याय का होतो आणि बाटलीवाचून बदामाची चव पुडिंगात कशी उतरवावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्यात पाककलेइतकेच रसायनशास्त्र आहे आणि एका ठिकाणी जिवाचा धोकाही आहे.

प्रथम वासाचे कोडे सोडवले पाहिजे. बदामाचे झाड एकाच जातीचे असले, तरी त्याच्या बिया दोन प्रकारच्या असतात: गोड आणि कडू. कडू बदामात अमिग्डॅलिन नावाचे एक द्रव्य असते. १८३० साली फ्रान्समध्ये रोबिके व बुत्रों-शार्लार या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. बी अखंड असेपर्यंत हे द्रव्य गुपचूप असते. परंतु ती चिरडून पाण्याशी संयोग झाला की, बियांतीलच पाचक रसामुळे त्याचे विघटन होते आणि त्यातून तीन पदार्थ निघतात. पहिला पदार्थ साखर. दुसरा बेंझाल्डिहाइड, म्हणजेच ज्याला जग बदामाचा वास म्हणते ते सुगंधी तेल. त्याचा कसून अभ्यास लीबिग व व्होलर यांनी १८३२ साली केला. आणि तिसरा पदार्थ हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे जहाल विष. गोड बदामात अमिग्डॅलिन जवळजवळ नसते. म्हणून त्यात विष नाही, आणि म्हणूनच तो प्रसिद्ध वासही नाही. तेव्हा गृहिणीचे पुडिंग फसलेले नसते. बाटलीतला वास हा मुळात गोड बदामाचा वासच नव्हे. तो कडू बदामाचा वास आहे, आणि आता तर बहुधा तोही नाही. कारण आजचे बेंझाल्डिहाइड बहुतांशी टोल्युइनपासून कारखान्यांत बनवले जाते. काही उत्पादक ते जर्दाळूच्या बियांतून काढतात व त्यातील विष वेगळे करून टाकतात.

अशा बाटलीतील अर्काचा थेंब पुडिंगात पडल्याने कोणाला बाधा होते, असे नाही. पण त्या थेंबाला बदाम समजण्याची सवय जिभेला लागली की, खऱ्या बदामाची सौम्य, किंचित दुधाळ चव तिला फिकी वाटू लागते. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष घडते. त्यांनी बदाम आधी बाटलीतून चाखलेला असतो, आणि मग वाटीतल्या खऱ्या बदामाशी त्यांचे पटत नाही.

वास वाढवण्यासाठी गोड बदामांत थोडे कडू बदाम मिसळण्याची रीत युरोपात एके काळी होती. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पाकपुस्तकांत अशा कृती सर्रास आढळतात. आज ही रीत घरात मुळीच आणू नये. शिजवताना त्या विषाचा काही अंश उडून जातो हे खरे, पण किती जातो आणि किती उरतो याचा हिशेब घरच्या चुलीवर करता येत नाही. विषाची मात्रा शरीराच्या वजनावर ठरते. त्यामुळे मोठ्या माणसाला केवळ मळमळ करणारे थोडेसे कडू बदाम लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. हैदराबादच्या गृहिणींना हा विषय अधिक जवळचा वाटेल. तेथे खुबानी का मीठा करताना जर्दाळूची बी फोडून आतला गर वर पेरतात. या गरांत गोड जात असते तशीच कडूही असते, आणि कडू गरात तेच अमिग्डॅलिन असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली दिलेल्या इशाऱ्यानुसार कच्चे जर्दाळूगर एका वेळी तीनपेक्षा अधिक खाल्ले, तर प्रौढ माणसाचीही सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. आणि अगदी लहान बालकाच्या बाबतीत एक लहानसा गरही ती ओलांडू शकतो. म्हणून जर्दाळूचा गर असो वा बदाम, त्याचा कण जिभेवर ठेवून पाहावा आणि कडू लागल्यास तो निःशंकपणे फेकून द्यावा. बाजारच्या बदामांत, विशेषतः बारीक दाण्याच्या मालात, एखादा कडू बदाम क्वचित निघतो. तो चावताच कळतो आणि थुंकून टाकला की विषय संपतो. परंतु पुडिंगासाठी सगळे बदाम एकत्र वाटले जातात, तेव्हा हा जिभेचा पहारा राहत नाही. तो वाटण्यापूर्वीच बसवला पाहिजे. एका पुड्यात दोन-तीन कडू निघाले, तर तो पुडा वाटणासाठी वापरू नये, हे उत्तम.

कोकणात आणि गोव्यात घराच्या आवारात ज्याला देशी बदाम म्हणतात, तो मोठ्या पानांचा, छत्रीसारखे मजले असणारा वृक्ष या कुळातला नव्हे. मुले त्याची फळे दगडाने फोडून आतला बोटभर गर खातात. तो गर चवीला गोडसर असतो खरा, पण त्याचे पुडिंग करायचे तर अर्ध्या गावाची मुले कामाला लावावी लागतील.

आता मूळ प्रश्न. गोड बदामाला वास नाही, तर पुडिंगात त्याची चव उतरावी कशी? याचे उत्तर तव्यावर आहे. बदाम मंद आचेवर भाजला की, त्यातील साखर आणि प्रथिने यांचा संयोग होऊन शेकडो नवी गंधद्रव्ये जन्माला येतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, खरपूस शेंगदाणा या सर्वांचा वास याच क्रियेचा आहे. लुई-कामीय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पाण्यात उकळून ही क्रिया नीटशी होत नाही. कारण पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही आणि या क्रियेला कोरडी व त्याहून अधिक आच लागते. भिजवून, वाटून, दुधात शिजवलेल्या बदामाला वास का येत नाही, ते यावरून ध्यानी येईल. त्याला भाजण्याची संधीच मिळालेली नसते.

दुसरी गोष्ट स्निग्धांशाची. भाजल्यामुळे निर्माण होणारी गंधद्रव्ये पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थांत अधिक विरघळतात. साय काढलेल्या दुधात तीच बदामाची पूड घातली, तर वास भुर्रकन उडून जातो आणि जिभेवर काही टिकत नाही. म्हणून पुडिंगाला म्हशीचे किंवा सायीसकट गाईचे दूध घ्यावे. काटकसर करायचीच असेल तर ती बदामाच्या संख्येत करावी, दुधात करू नये.

पुडिंग हे नाव विलायती असले, तरी वस्तू आपल्याकडे अपरिचित नाही. तांदूळ रवाळ वाटून दुधात शिजवलेली, बदामाचे काप घातलेली आणि मातीच्या सकोऱ्यात गोठवलेली फिरनी हे पुडिंगच होय. सकोरे तिच्यातले जादा पाणी शोषून घेते, त्यामुळे ती अधिक घट्ट होते. गोव्यातील नाताळात ताटाताटांतून शेजाऱ्यांकडे जाणारे दोदोल त्याच गोतातले आहे: तांदळाचे पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ आणि काजूचे तुकडे, हे सारे तेल सुटेपर्यंत घोटायचे. युरोपातील बदामी पुडिंगाचे जुने नाव ब्लांमांज, म्हणजे 'पांढरे खाद्य'. मध्ययुगात त्यात बदामाच्या दुधाबरोबर तांदूळ, साखर आणि चक्क कोंबडीचे मांस असे. १३९० च्या सुमाराच्या एका इंग्रजी पाकग्रंथात तशी कृती आहे, आणि तुर्कस्तानात कोंबडीचे तंतू घातलेले गोड दुधी पुडिंग आजही आवडीने खातात. मांस पुढे गळाले, बदाम राहिला. बदामाचे दूध तेथे इतके रुळण्याचे एक कारण धार्मिक होते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाप्रमाणेच गाईचे दूध, लोणी व अंडी ही वर्ज्य असत. तेव्हा श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात बदाम वाटून त्याचे दूध काढीत. ज्यांना बदाम परवडत नसे त्यांचा उपवास अधिक खरा होत असावा.

पुडिंग गोठते कशाने, हे समजून घेतले की निम्म्या चुका आपोआप टळतात. अंड्याचे पुडिंग प्रथिनांच्या बळावर गोठते. कॉर्नफ्लोअरचे पुडिंग पिष्टाच्या बळावर. तिसरा मार्ग जिलेटिनचा. पण जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून बनते, आणि शाकाहारी पाहुण्यांच्या पानात ते न सांगता वाढणे योग्य नव्हे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८३७ साली अंड्यावाचून कस्टर्ड करण्याची पूड तयार केली, ती पत्नीला अंडे सोसत नसे म्हणून. त्या पुडीचा आधारही मक्याचे पिष्टच होय. भारतातील असंख्य शाकाहारी घरांना कस्टर्ड ठाऊक झाले ते अशा पुडीमुळे. बदामाच्या पुडिंगाला कॉर्नफ्लोअरच उत्तम, कारण त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. येथे एक खबरदारी घ्यावी. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पिवळे पीठ नव्हे. ते मक्यातून वेगळे काढलेले, बोटांत कुरकुरणारे पांढरे पिष्ट आहे. दुकानदाराने दोहोंत गोंधळ केला, तर पुडिंगाऐवजी पिठले होईल.

पिष्टाचे कण थंड पाण्यात नुसते तरंगतात वा तळाशी बसतात. पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापले की ते पाणी पिऊ लागतात, फुगतात, आणि उकळीच्या आसपास मिश्रण दाट करतात. निवताना त्यांच्यातून निघालेले धागे एकमेकांत गुंतून जाळे विणतात व त्या जाळ्यात पाणी अडकते, हेच गोठणे. आता कोरडे कॉर्नफ्लोअर थेट गरम दुधात टाकले तर काय होईल? प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो आणि आतल्या पिठापर्यंत दूध पोहोचूच देत नाही. गुठळी ती हीच. मग कितीही घोटले तरी ती मोडत नाही. म्हणून कॉर्नफ्लोअर नेहमी थंड दुधात कालवावे.

सहा माणसांपुरत्या पुडिंगाला १२० ग्रॅम बदाम, ५०० मिलिलिटर सायीचे दूध, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ७० ग्रॅम साखर आणि चिमटीभर मीठ एवढे साहित्य पुरते. कॉर्नफ्लोअरचे ४० ग्रॅम म्हणजे सपाट भरलेले पाच मोठे चमचे. साच्यातून उभे उतरवायचे नसून काचेच्या वाट्यांतच द्यायचे असेल, तर तीन चमचे पुरेत. आणि खरे सांगायचे तर तेच अधिक रुचकर लागते. मिठाचे नाव ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. पुरणपोळीच्या कणकेत मीठ असतेच. ते गोडाला खारट करीत नाही, उठाव देते.

बदामांपैकी शंभर ग्रॅम रात्रभर पाण्यात भिजत घालावेत. घाई असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावेत. चिमटीत दाबताच साल निघून येते. साल ठेवू नये. ती तुरट असते आणि तिचा तपकिरी रंग दुधात उतरतो. उरलेले वीस ग्रॅम बदामही सोलावेत, पण ते भिजत न ठेवता कोरडे करून त्यांचे पातळ काप करावेत आणि जाड बुडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर परतावेत. बिस्किटासारखा रंग आला की लगेच ताटात काढावेत, कारण तवा उतरल्यानंतरही तो आपल्या उष्णतेने भाजतच राहतो. काळपट झालेला एकच काप सगळ्या पुडिंगाला कडवटपणा आणतो. हे काप भरडसर कुटून, तापवलेल्या चारशे मिलिलिटर दुधात घालावेत, वर झाकण ठेवावे आणि अर्धा तास तसेच राहू द्यावे. या अर्ध्या तासात भाजलेल्या बदामाचा सारा सुगंध दुधातील स्निग्धांशात उतरतो. मग दूध गाळून घ्यावे. पुडिंगाची शुभ्रता यामुळे थोडी कमी होते, त्याला मोतिया झाक येते. शुभ्रतेसाठी चव सोडायची की चवीसाठी शुभ्रता, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु डोळ्यांनी खाण्यापेक्षा जिभेने खाणे बरे.

भिजवून सोललेले बदाम थोडे थोडे पाणी घालीत, एकूण सुमारे शंभर मिलिलिटर, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटावेत. मिक्सर एकसारखा चालू ठेवू नये. भांडे तापते आणि बदामाचे तेल वेगळे होऊ लागते. थांबत थांबत वाटावे. वाटण ओल्या मलमलीतून पिळून घ्यावे, उरलेला चोथा त्या गाळलेल्या दुधातलेच थोडे दूध घालून पुन्हा एकदा वाटावा व पुन्हा पिळावा. दुसऱ्या पिळण्यातही बरेच सत्त्व निघते. ते टाकून देणे म्हणजे पैसे टाकणे.

उरलेल्या शंभर मिलिलिटर थंड दुधात कॉर्नफ्लोअर कालवून ठेवावे. गाळलेले दूध, बदामाचे दूध, साखर व मीठ जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. वाफा येऊ लागल्या की त्यातील पळीभर गरम दूध कालवलेल्या कॉर्नफ्लोअरमध्ये ओतून ढवळावे, आणि मग ते सगळे धार धरून पातेल्यात सोडावे. कॉर्नफ्लोअर तळाशी बसण्याची वाट पाहत असते, म्हणून ओतण्यापूर्वी ते पुन्हा तळापासून हलवावे. यापुढे उलथने थांबता कामा नये. पातेल्याचा तळ आणि कडा खरवडीत ढवळावे. मिश्रण दाट झाले की अनेक जणी ते तत्काळ उतरवतात, आणि मग पुडिंगाला कच्च्या पिठाची चव राहते. पहिला बुडबुडा फुटल्यानंतर आणखी दोन मिनिटे ते मंद आचेवर रटरटू द्यावे. मात्र त्याहून फार वेळ वा फार जोराने घोटू नये. फुगलेले कण फुटतात आणि आलेला दाटपणा उतरू लागतो.

वेलदोडा, केशर, जायफळ यांविषयी मतभेद राहणारच. मराठी हाताला गोड पदार्थात वेलदोडा घालण्याची इतकी सवय असते की, तो न घातल्यास काही राहून गेल्यासारखे वाटते. परंतु वेलदोड्याचा वास दांडगा असतो. तो पुडिंगात शिरला की भाजलेल्या बदामाला बाहेरच बसावे लागते. ज्या पदार्थाला बदामाचे नाव द्यायचे, त्यात निदान पहिल्या खेपेला तरी दुसरा सुगंध घालू नये.

साचा आतून थंड पाण्याने ओला करून मिश्रण गरम असतानाच ओतावे. वरून ओला कागद किंवा ताटली अगदी पृष्ठभागाला टेकेल अशी ठेवावी, म्हणजे पापुद्रा धरत नाही. निवल्यावर शीतकपाटात तीन-चार तास ठेवावे. उतरवताना बोटाने कडा हलकेच आत ओढून हवा शिरू द्यावी, वर ताटली ठेवून साचा उपडा करावा आणि एक झटका द्यावा. आत शिरलेली हवाच पुडिंग खाली आणते. सुरी फिरवण्याची गरज नसते.

एक चूक अशी आहे की तिचे कारण फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. रात्री घट्ट झालेले पुडिंग सकाळी पातळ झालेले असते आणि दोष कॉर्नफ्लोअरला दिला जातो. बहुधा घडलेले असते ते असे: कोणीतरी चव पाहण्यासाठी चमच्याने घास घेतला आणि तोच उष्टा चमचा पुन्हा भांड्यात घातला. माणसाच्या लाळेत पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारा अमायलेज हा पाचक रस असतो. भाकरीचा तुकडा बराच वेळ चघळला की गोड लागतो, तो त्यामुळेच. लाळेचा अंश पुडिंगात पडला की पिष्टाचे जाळे रात्रभर आतून तुटत राहते. उष्ट्याखरकट्याचा जुना नियम येथे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. लिंबाचा रस किंवा आंबट फळे मिश्रणात शिजवल्यानेही पिष्ट दुबळे होते. फळे घालायची तर वाढताना शेजारी ठेवावीत. दोन दिवसांनंतर पुडिंगाला पाणी सुटते, तो मात्र कोणाचा दोष नव्हे. पिष्टाचे धागे हळूहळू अधिक जवळ येतात आणि मधले पाणी पिळून बाहेर टाकतात. पुडिंग दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे.

बदाम न परवडणाऱ्या किंवा न मिळणाऱ्या घरांसाठी काजू आहे. आणि गोवा, सिंधुदुर्ग, चंदगड, बेळगाव या भागांत तर तो पर्याय नसून घरचाच माल आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. बदामाची जागा काजूने घेण्याची गोव्यात जुनी परंपरा आहे: युरोपात जे मार्झिपान बदाम वाटून करतात, तेच गोमंतकीय घरांत नाताळला काजू वाटून होते. पुडिंगात मात्र बदामाच्या जागी काजू तेवढ्याच प्रमाणात घालून चालत नाही. बदामात पिष्ट जेमतेम एक टक्का असते. काजूत ते वीस टक्क्यांहून अधिक असते. म्हणजे काजू स्वतःच पुडिंग दाट करतो. वरच्याच मापात काजू घालून कॉर्नफ्लोअरचे पाच चमचे टाकले, तर साच्यातून वीट उतरते. १२० ग्रॅम काजूला अडीच चमचे कॉर्नफ्लोअर पुरे. काजू दोन तासच भिजवावा. तो लोण्यासारखा वाटला जातो, त्यामुळे गाळण्याचीही गरज नाही. भाजलेल्या कापांची युक्ती काजूलाही लागू पडते. फक्त काजू बदामापेक्षा लवकर करपतो.

काजू घेताना अखंड पांढऱ्या दाण्यांसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. दुकानातील २४० किंवा ३२० हे आकडे एका पौंडात साधारण किती दाणे बसतात ते सांगतात. आकडा जितका लहान तितका दाणा मोठा आणि भाव चढा. चवीशी त्या आकड्यांचा संबंध नाही. वाटायचेच असेल, तर तुकडा काजू तेच काम करतो. गूळ घालून पुडिंग करायचे असेल तर गाईम्हशीच्या दुधात गूळ उकळू नये, दूध नासते. नारळाचा रस वापरावा, म्हणजे माडाचा गूळही चालतो आणि चव दोदोलाच्या अंगणात जाते.

कच्च्या काजूबियांची टरफले घरी फोडण्याच्या भरीस मात्र कोणी पडू नये. टरफलातील तेल कातडी भाजून काढते. कारखान्यांत बी फोडणाऱ्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया असतात, आणि हाताला तेल किंवा राख चोळून त्या हे काम करतात. पांढऱ्या स्वच्छ दाण्यामागे काळवंडलेली बोटे असतात. ज्यांनी बिब्बा पाहिला आहे त्यांना हे तेल सांगावे लागणार नाही. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. बिब्ब्याचे तेल अंगावर उतते आणि त्याच्याच आतली गोडंबी लाडवात जाते. पिस्ता आणि आंबाही त्याच कुळातले आहेत. या नात्याला व्यवहारात महत्त्व आहे. ज्याला काजू सोसत नाही, त्याला पुष्कळदा पिस्ताही सोसत नाही. काही माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, अंगावर अशा कवचीच्या फळांमुळे गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वासही कोंडतो. वाटून घातलेला काजू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पुडिंग पाहुण्यांच्या पोरांपुढे ठेवण्यापूर्वी त्यात काय आहे ते त्यांच्या आईला सांगावे. आश्चर्याचा धक्का देण्याची हौस येथे आवरलेली बरी.

जुना, कुबट, तेलकट वास येणारा दाणा साखरेने झाकला जाईल या आशेने वापरला जातो. तो झाकला जात नाही. बुरशी धरलेला दाणा तर धुऊन किंवा भाजूनही वापरू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता, त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी धरली होती आणि त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष पेंडीत उतरले होते, असे आढळले. हे विष यकृतावर आघात करते आणि स्वयंपाकाच्या आचेने ते नष्ट होत नाही. पावसाळ्यात बदाम-काजू कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून शीतकपाटात ठेवावेत, आणि एका वेळी पुडिंगापुरतेच आणावेत.

मलमलीत उरलेला बदामाचा चोथा टाकू नये. तो तुपावर परतून, रव्याच्या निम्म्याने मिसळून शिरा चांगला होतो. किंवा त्याच्या वजनाइतकी साखर घेऊन, तिच्या पाकात मंद आचेवर गोळा होईपर्यंत आटवून, तूप लावलेल्या ताटात थापला तर दहा-बारा वड्या निघतात. पुडिंग साच्यात निवत असताना त्या तयार होतात.